दुसरा रिमोट

मामाच्या घरी टीव्ही गेम आला तो १९९४ चा उन्हाळा. मी अकरा वर्षांची, मामेभाऊ चौदाचा. कराडच्या पुढे कृष्णाकाठी त्यांचं गाव. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून एसटीनं जायचो. त्या वर्षी अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच दादानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मला ओढतच आत नेलं. टीव्हीसमोर एक पांढरं-लाल डबडं, त्यातून निघालेल्या दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन रिमोट. "हा माझा, तो तुझा," म्हणाला.

दोन्ही रिमोट दिसायला सारखे. फरक मला तिसऱ्या दिवशी कळला. त्याच्या रिमोटला मधोमध दोन चपटी बटणं होती, स्टार्ट आणि सिलेक्ट. माझ्या रिमोटवर ती जागा कोरी. म्हणजे खेळ निवडायचा त्यानं, सुरू करायचा त्यानं आणि मामीनं आमरस काढायला हाक मारली की थांबवायचाही त्यानंच. (जपानमधल्या मूळ मशीनच्याही दुसऱ्या रिमोटला ही बटणं नव्हती, हे मला फार पुढे समजलं. म्हणजे दादाचा त्यात काही दोष नव्हता. तरी राग आहेच.)

मारिओमध्ये दोघांनी खेळायचं म्हणजे आळीपाळीनं. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. आणि दादा काही केल्या मरायचा नाही. एकूण आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, असे बत्तीस. त्यातल्या दुसऱ्याच टप्प्यात छतावर चढून, वरच्या वर धावत गेलं की थेट पुढच्या जगांत नेणारे पाइप आहेत, हे त्याला वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तो त्या पाइपातून गडप व्हायचा आणि मी शेजारी मांडी घालून, रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून बसायची. वायर जेमतेम हातभर, त्यामुळे टीव्हीच्या इतक्या जवळ की काचेची झिणझिण गालाला लागायची. अखेर माझी पाळी यायची. माझा पांढऱ्या टोपीवाला लुईजी चार पावलं चालायचा आणि समोरून येणाऱ्या पहिल्याच चालत्या बदामाला धडकून खलास. "झालं? आण इकडे," असं म्हणायचीही गरज नव्हती. रिमोट त्याच्याच हातात असायचा.

किल्ल्यातल्या राक्षसाला लाव्ह्यात पाडलं की शेवटी एक बुटका येऊन इंग्रजीत काहीतरी सांगायचा. दादा भाषांतर करायचा, "राणी दुसऱ्या किल्ल्यात आहे म्हणतोय." चार-पाच वेळा हे ऐकल्यावर ज्वारी निवडत बसलेली मामी म्हणाली, "अरे, एकदा पत्ता तरी नीट विचारून घे."

त्या मशीनमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की सातव्या जगातून पुन्हा पहिल्यात. लाइट गेली नाही तर सात वाजता मामा यायचे. शेतातून येऊन, न्हाणीघरात पाय धुऊन, टॉवेलनं तोंड पुसत ते टीव्हीसमोर उभे राहायचे. "बंद करा. बातम्या." दादा न वळता म्हणायचा, "आबा, एवढी लाइफ होऊ द्या." "एवढी" म्हणजे किती, हे मामांना कळायचं नाही. ते मिनिटभर थांबायचे. पडद्यावरचा माणूस मरायची चिन्हं दिसली नाहीत की वाकून बटण पिळायचे आणि दूरदर्शनवरच्या सातच्या बातम्या लागायच्या. एका संध्याकाळी दादा सातव्या जगाच्या किल्ल्यात होता. तो रात्री जेवला नाही.

कॉन्ट्रा मात्र दोघांनी एकाच वेळी खेळायचा खेळ, त्यामुळे मला तो जास्त आवडायचा. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. ही बटणं सुरुवातीलाच दाबली की तीस लाइफ मिळतात, हे तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं. कुणी शिकवलं, कुणालाच ठाऊक नाही. हे सूत्र काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरनं १९८६ मध्ये ग्रॅडियस नावाच्या दुसऱ्याच खेळात घातलं होतं. स्वतःचाच खेळ तपासताना तो त्याला पार करता येईना म्हणून. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाविषयी फार आपुलकी वाटली.

पण कॉन्ट्रात एक धबधबा आहे. उड्या मारत वर वर चढायचं, आणि जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. खाली राहिलेला पडद्याच्या काठाखाली गेला की मेला. गोळी नको, शत्रू नको. दादा माकडासारखा चढायचा आणि मी त्याच्यामुळे मरायची. "थांब ना!" मी ओरडायची. "तू ये ना!" तो ओरडायचा. माझ्या तीसपैकी वीस लाइफ त्या धबधब्यात गेल्या असतील.

बदकं मारायच्या खेळाची बंदूक तर माझ्या हाती आलीच नाही. ती बंदूक कशी चालते हे कोडं मला लग्नानंतर सुटलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्या क्षणाला बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. बंदुकीतून काही बाहेर जात नाही, उलट आत येतं. त्याच वेळी आणखी एक गोष्ट वाचली आणि चडफडले. मूळ खेळात एकाच्या हातात बंदूक असताना दुसऱ्याला रिमोटनं बदक हवं तसं उडवता येतं! आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर माझं एकही बदक दादाला सापडलं नसतं.

हे सगळं एवढं पाल्हाळ लावून सांगतेय, कारण पुढची तीस वर्षं मी जे काही खेळले ते याच रिमोटनं खेळले. मी स्वतःला गेमर म्हणवून घेत नाही. पतसंस्थेत नोकरी करते, चिंचवडला राहते, घरात सासूबाई, नवरा आणि एक मुलगा. खेळ म्हणजे मधल्या फटीत करायची गोष्ट. दूध उतू जायच्या आत, लोकल सुटायच्या आत, समोरचा माणूस फॉर्म भरेपर्यंत. पहिल्या नोकरीत नोकिया ३३१० घेतला आणि त्यावरचा साप खेळले, तोही तसाच. सापाचं बरं असतं. तो वाढतो आणि शेवटी स्वतःलाच चावून मरतो, दुसऱ्या कुणावर आळ नाही.

कँडी क्रश आमच्या घरात २०१४ ला शिरला. मी घातला, पण टिकवला सासूबाईंनी. पाच लाइफ, गेलेली एक परत यायला अर्धा तास, म्हणजे पाचही संपल्या तर अडीच तासांची उपासमार. मधल्या काळात फेसबुकवरच्या नातेवाइकांकडे लाइफ मागायच्या. ज्या आत्यांशी माझं लग्नातल्या मानपानावरून बोलणं नव्हतं, त्यांनी मला न मागता तीन लाइफ पाठवल्या. मी दोन परत केल्या. तेवढ्यावर आमचं पुन्हा सुरळीत झालं. पासष्टावी पातळी म्हणून एक होती, तिथं मी तीन आठवडे अडकले आणि सोडून दिलं. सासूबाईंनी मात्र फोनचं घड्याळ पुढे करून लाइफ मिळवायची युक्ती कुठूनतरी शोधून काढली. एकदा ते घड्याळ मागे करायचं विसरल्या. सकाळचा गजर मध्यरात्री दोनला वाजला आणि त्या उठून, अंघोळ करून, देवपूजेला बसल्या. आज त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि चार हजारांच्या पुढच्या पातळीवर आहेत. कुणाला सांगत नाहीत. फोन पदराखाली असतो.

लॉकडाउनमध्ये लुडो किंग सगळ्यांनीच खेळलं, त्यावर वेगळं काय लिहायचं. रोज रात्री नऊला दादा पुण्याहून खोलीचा क्रमांक पाठवायचा. खोली तोच उघडणार, हेही ठरलेलं. तो खेळ आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीनं बनवला आहे हे कळल्यावर मामांनी विचारलं होतं, "म्हणजे फासे हितनंच पडत्यात काय?" त्यांच्या सोंगट्या तेव्हा सारख्या मारल्या जात होत्या.

मग आला बीजीएमआय, फोनवरचा बंदुकांचा खेळ. त्याच्या आधीचं पबजी सरकारनं २ सप्टेंबर २०२० ला बंद केलं तेव्हा माझा मुलगा लहान होता. सोसायटीतली मोठी पोरं सुतक आल्यासारखी जिन्यात बसलेली तेवढी आठवतात. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नवं नाव घेऊन आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. इतक्या वेळा माहेरी जाऊन आलेली सून मी पाहिलेली नाही. तो परत आला तेव्हा पोरगं आठवीत जायला निघालेलं. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा, असा नियम खेळातच घातला होता. मुलगा म्हणाला, "आई, तुझे सहा तास फुकट जातायत."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याबरोबर खेळायला बसले, खरं सांगायचं तर पाळत ठेवायला. हा एवढा वेळ कुणाशी बोलतो, काय बोलतो, बघू तरी. शंभर माणसं विमानातून उड्या मारतात, खाली पडलेली शस्त्रं उचलतात, एकमेकांना मारतात. बाहेरून निळी भिंत आवळत येते म्हणून सगळ्यांना मध्ये सरकावं लागतं. शेवटी उरेल तो जिंकला. हे सगळं त्यानं मला पोळी लाटताना समजावलं. ऐकताना सोपं वाटलं.

"आई, उभी राहू नको. झोप!"

"कुठं?"

"अगं, जमिनीवर! गवतात! ते खालचं बटण!"

मी बटण दाबलं आणि माझ्या बाईनं गवतात झोपायच्या ऐवजी हातातला बॉम्ब स्वतःच्या पायाशी टाकला.

पहिले आठ दिवस असेच गेले. मी मरायची, तो एकटा लढायचा. हळूहळू मला माझं काम सापडलं. पोचिंकी नावाचं गाव नकाशाच्या मध्यावर आहे. तिथल्या घरांत शिरायचं, बँडेज, गोळ्या, हेल्मेट जे मिळेल ते पिशवीत भरायचं आणि त्याला नेऊन द्यायचं. थोडक्यात, डबा भरायचा. तो घायाळ होऊन गुडघ्यावर आला की त्याच्याजवळ जाऊन काही सेकंद थांबायचं, म्हणजे तो उठतो. त्याला रिव्हाइव्ह म्हणतात. ते मला फार सुरेख जमायचं. आजूबाजूला गोळ्या चालल्या असल्या तरी मी सरळ चालत जायची. तो ओरडायचा, "कव्हर घे! अगं, कव्हर!" कव्हर बिव्हर सुचायचं नाही. पोरगं पडलंय ना, मग जायचं.

आणि बाथरूम. कुणी चाल करून आलं की घरातल्या बाथरूममध्ये शिरून, दाराकडे बंदूक रोखून बसायचं. ही माझी एकमेव युक्ती. कानात इअरफोन, जिन्यावर कुणाची तरी पावलं, आणि मी फरशीवर दबा धरून. माझ्या खऱ्या घरात बाथरूममध्ये सुद्धा मला एवढा वेळ कुणी एकटं सोडत नाही.

आम्ही जिंकलो एकदाच. म्हणजे मी तेव्हा मरून चार मिनिटं झाली होती आणि त्याच्या खांद्यावरून बघत होते. शेवटचे दोघे उरले होते. याच्याकडे मी मरण्याआधी देऊन ठेवलेलं हेल्मेट, समोरच्याकडे काय होतं देव जाणे. एक गोळी याच्या हेल्मेटला लागून गेली, यानं दोन झाडल्या आणि पडदा सोनेरी झाला. "चिकन डिनर! चिकन डिनर!" असं, जिंकल्यावर पडद्यावर येतं तेच, ओरडत तो पलंगावर उभा राहिला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आज गुरुवार आहे रे!"

पण त्या दिवाळीत मला जाणवलं की माझ्या हातात पुन्हा दुसराच रिमोट आहे. विमानातून कधी उडी मारायची, कुठं उतरायचं, कधी पळायचं, हे पोरगं ठरवणार, आणि मी मागून पळणार. धबधबा तोच. एवढाच फरक की हा थांबायचा. वाट बघून, मागे वळून, "ये ये ये" म्हणायचा. मला त्याचं कौतुकही वाटायचं आणि किंचित लाजही.

गेल्या जूनमध्ये तो दहावीत गेला आणि स्वतःहून फोनमधून तो खेळ काढून टाकला. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण रात्री भांडी झाल्यावर मी फोन हातात घेऊन बसायची आणि काय करावं ते सुचायचं नाही. एका रात्री तोच म्हणाला, "आई, तू स्टारड्यू व्हॅली खेळ. शेतीचा आहे. हळू आहे. तुला जमेल." 'तुला जमेल' यात काय काय भरलंय ते कळलं, पण दुर्लक्ष केलं. खेळ विकतचा होता, पाचशेच्या आतला. आजवर मी एकाही खेळाला दमडी मोजलेली नव्हती. दोन दिवस विचार केला. तेवढ्या पैशात आमच्या घरात काय काय येतं याची यादी मनात फिरली. मग घेतला.

एका कंपनीत टेबलाशी जखडलेला माणूस आजोबांनी ठेवलेलं पत्र उघडतो आणि सगळं सोडून त्यांच्या पडीक शेतावर राहायला जातो, ही सुरुवात. ते कचेरीतलं टेबल बघून मी दचकलेच. आमची पतसंस्था याला कुणी दाखवली? खेळ बनवणारा एरिक बॅरोन नावाचा एकटा माणूस. चित्रं, संगीत, गोष्ट, प्रोग्रॅमिंग, सगळं त्यानं चारेक वर्षं घरात बसून एकट्यानं केलं आणि २०१६ मध्ये खेळ बाहेर आणला. शेताला नाव द्यायचं होतं. मी 'मळा' दिलं.

पहिला आठवडा विचित्र गेला. सकाळी सहाला माझी बाई घरातून बाहेर येते. समोर दगड, ओंडके, तण. गावचा महापौर पंधरा बिया देऊन गेलेला. आणि पुढे? पुढे काय करायचं ते सांगायला कुणी नाही. मी सवयीनं उजवीकडे बघायची. उजवीकडे नवरा घोरत असायचा. तळ्याकडे जाऊ की दुकानात? मासे पकडू की लाकडं फोडू? कुणी ओरडत नव्हतं, कुणी पुढे पळत नव्हतं. रात्री चुकून एक बटण दाबलं, पिशवी उघडली आणि खेळातलं घड्याळ थांबलं. मी पिशवी बंद केली, घड्याळ चालू. पुन्हा उघडली, बंद. कुकरची शिट्टी झाली की थांबवायचं. दारावर कुणी आलं की थांबवायचं. बेचाळीस वर्षांच्या बाईनं असं करू नये, पण त्या रात्री मी उगीचच सात-आठ वेळा थांबवून बघितलं.

शेती मात्र मी भिकार केली. पार्सनिप नावाचं जे कंद पहिल्यांदा लावायचं, ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पांढरं गाजर समजा. चार दिवसांत येतं. बी वीसचं, माल पस्तीसला जातो. नफा बघून मला चेव चढला. पंधरा रोपांपर्यंत कावळे येत नाहीत. मी पुढे लावली आणि दुसऱ्या दिवशी कावळे हजर. मग बुजगावणं केलं. बी आणायला दुकानात गेले तर बुधवार, दुकान बंद. महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि महिना संपला की ऋतू संपतो, हे वाचलं होतं. तरी विसाव्या तारखेला साठवलेले सगळे पैसे घालून फ्लॉवर लावला. बारा दिवसांचं पीक. आठ दिवस रोज पाणी घातलं. पहिल्या तारखेला सकाळी दार उघडलं तर अख्खी ओळ वाळून कोळ झालेली. मी फोन उशीखाली ठेवला आणि खरोखर थोडा वेळ झोप आली नाही. गंमत म्हणजे, बीजीएमआयमध्ये दोनशे वेळा मेले असेन, त्याचं कधी काही वाटलं नाही.

यंदाच्या दिवाळीत गावी गेलो. मामा आता अठ्ठ्याहत्तरचे. गुडघे गेलेत, शेताकडे दादानं लावलेला माणूस बघतो, पण हिशेब सगळा मामांच्या डोक्यात. माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला. रिमोट पिवळे पडलेले, अडॅप्टर मेलेला. माझ्या मुलानं बंदूक उचलून चाप ओढून बघितला. त्याला म्हटलं, ती आता चालायची नाही, तिला काचेचा जुना फुगीर टीव्ही लागतो. दादा आला होता, पण पूर्ण वेळ फोनवर, ऑफिसच्या मीटिंगा. मी विचारलं, "काही खेळतोस का रे हल्ली?" तो म्हणाला, "छे गं, कुठला वेळ." त्यानं दुसरा रिमोट हातात घेतला, मधली कोरी जागा अंगठ्यानं चाचपली, माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

दुपारी मी सोप्यात फोन घेऊन बसले होते. मामा शेजारी खाटेवर.

"काय गं बघतीयास मगाधरनं?"

"शेत आहे मामा. माझं."

त्यांनी चष्मा लावला. मी पार्सनिप दाखवलं. चार दिवसांत येतं म्हटलं तर ते माझ्याकडेच बघायला लागले. "चार दिसात? माझा आडसाली ऊस सोळा-अठरा म्हयनं उभा असतुया." मग मी दाखवलं, माल या पेटीत टाकायचा, रात्री झोपायचं, सकाळी पैसे जमा.

"रात्रीत बिल?" मामा उठून बसले. "कुठला कारखाना म्हणं हा?"

मी हसायला लागले. ते हसत नव्हते. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, पण कायदा कागदावर असतो, हे ते मला लहानपणापासून सांगत आलेत. त्यांनी पेटी पुन्हा दाखवायला लावली. वजन कोण करतं? काटा कुणाचा? तोड कोण करतं, टोळी कुठली? तोडीला पैसे मागतात का? प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर एकच, तसं काही नसतं. शेवटी ते पडद्यावर वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून म्हणाले, "आन ही येळ कशाला दावलीया?"

"रात्री दोनच्या आत घरी जाऊन झोपावं लागतं. नाहीतर बाई शेतातच बेशुद्ध पडते. वर दंड."

"दोनला बेसुद?" मामा म्हणाले. "अगं, दोनला तर आमची लाइट येती."

हे मात्र खरं होतं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात मामा बॅटरी आणि काठी घेऊन बाराला निघायचे, लाइट आली की मोटर चालू, आणि पहाटेपर्यंत एकेका सरीला पाणी फिरवायचे. आम्ही पोरं आत झोपलेलो असायचो. बेशुद्ध न पडता हा माणूस चाळीस वर्षं ते करत होता, आणि संध्याकाळी सात ते साडेसात एवढाच त्याचा टीव्ही.

"आण हिकडं," म्हणाले.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा एवढा रुंद की दोन वाफे एकदम झाकले जायचे. बाई भलतीकडेच चालत गेली, तळ्याला अडली. मी त्यांचं बोट धरून झारी कशी निवडायची ते दाखवलं. पहिल्या वाफ्यात पाणी पडलं, माती काळी झाली. त्यांनी मान हलवली. दुसरा वाफा. तिसरा. झारी संपली तर ती तळ्यात भरून आणायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ओळ सोडून मध्येच एक रोप भिजवलेलं दिसलं, तेव्हा म्हणाले, "हे कुणी केलं? असं शिंपडत्यात व्हय?" ते मीच सकाळी केलं होतं.

फ्लॉवरची कथा सांगितली. "हंगाम बघून लावायचं असतंय, पोरी," एवढंच बोलले, मान वर न करता.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मामी चहा ठेवून गेली, चहावर साय धरली. मुलगा येऊन बघून गेला, "आजोबा, जबरी," म्हणाला. मी शेजारी मांडी घालून बसले होते. दोन दिवसांनी खेळात पाऊस लागला, तर त्या दिवशी पाणी घालायचं नसतं म्हणून मामा खूश झाले आणि मला म्हणाले, चल, आज जरा गाव बघू. त्यांनी माझ्या बाईला गावभर फिरवलं. मला माहीत नसलेला पूल त्यांना सापडला.

दिवे लागले. आतल्या खोलीतून मामीचा आवाज आला. मी घड्याळ बघितलं.

"मामा, सात वाजले. बातम्या."

"थांब जरा," मामा म्हणाले. अंगठा पडद्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "एवढी वळ भिजू दे."